तिसरी मात्रा

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास मिताली कुबल तराफ्यावरून होडीनं येऊन जेटीवर उतरली आणि पहिल्याच पावलाला जेटी डावीकडे कलली.

खरं तर ती कलली नव्हती. काँक्रीटची जेटी बारा वर्षं जागची हलली नव्हती, हे मितालीला चांगलं ठाऊक होतं. तरी तिनं पाय फाकवले, कठडा धरला आणि कल ओसरेपर्यंत श्वास रोखून उभी राहिली. गेले एकोणीस दिवस ती आणि बाकीचे तेवीस खलाशी खाडीच्या तोंडाशी नांगरलेल्या तराफ्यावर राहत होते. जेवायचं तिथे, झोपायचं तिथे, जमिनीला पाय लावायचा नाही. आजची सवलत फक्त गाऱ्हाण्यापासून मात्रेपर्यंतच्या वेळेपुरती होती. दुपारी चार वाजता दवाखान्यात तिसरी मात्रा, आणि उद्या अकरा चाळीसच्या भरतीला ‘पश्चिमा’ नांगर उचलणार होती. आफ्रिकेला वळसा घालून युरोप, तिथून ब्राझील, आणि सव्वीस महिन्यांनी परत.

जहाजांच्या तेलावर जगभर जबर कर बसला आणि माल पुन्हा वाऱ्यावर वाहू लागला, त्याला आता पंधरा वर्षं झाली होती. ‘पश्चिमा’ची चार शिडं साठ-साठ मीटर उंच, विमानाच्या पंखासारखी ताठ होती. वारा भरला की जहाज एका कुशीवर कलायचं आणि आठवडेच्या आठवडे तसंच कललेलं राहायचं. शिडं बनवणं माणसाला जमलं. त्या कलत्या फरशीवर सव्वीस महिने जगणं जमेना. पहिल्या जहाजांवरची माणसं ओकून ओकून सुकली, पडून हाडं मोडून घेतली, झोपेविना भ्रमिष्ट झाली.

माणसाच्या कानाच्या आत पाण्यानं भरलेल्या तीन बारीक कमानी असतात आणि चुन्याचे काही कण. डोकं कुठे वळलं, खाली कुठे आहे, हे त्यांच्यावरून मेंदूला समजतं. डोळे, पाय आणि कान यांची साक्ष जुळली की आपण म्हणतो, तोल सांभाळला. स्थिर म्हणजे काय, हे मेंदू वर्षा-दोन वर्षांच्या वयात जमिनीवर शिकतो आणि मग ते दार लावून घेतो. संशोधकांनी ते दार पुन्हा उघडायची युक्ती शोधली. एका निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवर औषध बांधून ते मेंदूतल्या तोलाच्या केंद्रापर्यंत पोचवायचं. पहिल्या मात्रेनं सिमेंट कालवलं जातं, दुसरीनं ते ओलं राहतं, आणि त्या काळात माणूस पाण्यावर राहिला की त्याचं ‘स्थिर’ पाण्यावर बसतं. तिसरी मात्रा सिमेंट आवळते. त्यानंतर समुद्र थांबतो आणि जमीन हलायला लागते. जन्मभर.

तिसरी मात्रा घेतली नाही, तर दहा-बारा दिवसांत सगळं पहिल्यासारखं होतं. घेतली तर होत नाही. आधीच्या जहाजांवरून परत आलेली माणसं खाडीत नांगरलेल्या होड्यांवर संसार करत होती. नातेवाईक तोंडात आलेपाकाची वडी धरून त्यांना भेटायला जात.

जेटीवर दोनशे माणसं जमली होती. मधोमध पांढऱ्या सदऱ्यात मितालीचे वडील उभे होते, दिगंबर कुबल. पंचक्रोशी त्यांना दिगू तांडेल म्हणायची. एकाहत्तर वर्षांचे, त्यातली चाळीस ट्रॉलरचं सुकाणू धरून. हातात सोललेला नारळ होता, शेंडी ठेवलेला. बाजूला त्यांची धाकटी बहीण, सुलोचना आत्या, पदर खोचून पहारेकऱ्यासारखी उभी होती. आत्याच्या जागी याआधी नेहमी आई असायची. आईला जाऊन अडीच महिने झाले होते.

त्या किनाऱ्यावर कुठलंच काम गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. जाणत्यानं देवाला हाक मारून मोठ्यानं मागायचं, आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागण्यामागे होकार भरायचा. होकार भरणारा अर्थ ऐकत बसत नाही, आवाज खाली आला की हाक देतो. दिगू तांडेलाचं गाऱ्हाणं म्हणजे तर एक लाट. ती उठली की माणसं आपोआप तिच्याबरोबर उठत.

“बा देवा म्हाराजा! आज ही पोरां तुझ्या दर्यार चल्ली असत!”

“व्हय म्हाराजा!”

“वारो तुझो, पाणी तुझा. ह्येंची शिडां फाडू नको, ह्येंचो तोल ढळू दिव नको!”

“व्हय म्हाराजा!”

“जी माणसां मागे घरात ऱ्हवतली, तेंका सांबाळ!”

“व्हय म्हाराजा!”

मिताली कठड्याला धरून ऐकत होती. वडिलांचा आवाज अजून तसाच होता, खणखणीत.

“आणि म्हाराजा, माझी बायल सुनंदा खोकल्यान बेजार असा. रातभर डोळ्याक डोळो लागाक नाय. तिका बरी कर, आमचा चेडू मिताली जावच्या आदी तिका उठवन बसव!”

“व्हय म्हाराजा!”

दोनशे गळ्यांनी होकार दिला आणि मग एकेकाच्या ध्यानात आलं. त्यातल्या निम्म्यांनी सुनंदाला खांदा दिला होता, नाहीतर अंगणात उभं राहून हात जोडले होते. एका बाईनं तोंडावर हात ठेवला. जेटीखालचं पाणी खांबांना चाटत होतं, तेवढाच आवाज उरला. दिगू तांडेल मात्र शांतपणे उभे होते. काही चुकलं असं त्यांच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हतं.

“नारळ सोड, दादा,” आत्या हळूच म्हणाली.

त्यांनी नारळ पाण्यात सोडला. कंपनीचे पुण्याहून आलेले साहेब, ज्यांना यातलं काही समजलं नव्हतं, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

•

घर जेटीपासून रिक्षानं दहा मिनिटांवर. दुपारी उशिरा जेवणं उरकल्यावर वडील पडवीतल्या खाटेवर आडवे झाले आणि लगेच झोपले. मिताली स्वयंपाकघरात भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसली. बसल्यावर घर कमी हलायचं.

“कदीपासून, आते?”

“काय कदीपासून?” आत्यानं चहाचं आधण ठेवलं.

“माझ्याकडे वेळ नाय.”

आत्यानं गॅस बंद केला. तिची पाठच दिसत होती. “दोन वर्सां झाली. पयल्यान नावां विसराक लागलो. मगे वाटो.”

“दोन वर्सां! आणि माका कोणी सांगूक नाय?”

“वैनीन शप्पथ घातलेली. चेडू जहाजार चढासर तोंडातसून शब्द काढू नको म्हणाली. फारम तिनाच भरून घेतल्यान ना तुझ्याकडसून? बापसाक मी बगतंय, तू जा, म्हणाली.” आत्या वळली. “तिका काय म्हायत, आपणच पयली जातलंय म्हणान.”

मिताली आठवत राहिली. तळेगावच्या शिडांच्या कारखान्यात ती आठ वर्षं होती. तिथून फोन केला की आधी आई घ्यायची आणि पलीकडे मोठ्यानं सांगायची, “मितू असा, शिडांच्या कारखान्यातसून बोलता. ताप होतो तिका, कसो असा इचारा.” मग बाबा यायचे आणि तापाचं विचारायचे. आई त्यांच्या हातात दरवेळी आख्खी मुलगी ठेवायची, नाव-गाव-खुशालीसकट. आई गेल्यावर बाबा फोनवर गप्प गप्प झाले. बोलायचे ते “बरा असा, बरा असा” एवढंच. मिताली ते दुःख समजून बसली. दुःखी माणसाला बोलतं करू नये, असं तिचं तिनंच ठरवलं आणि फोन लवकर लवकर ठेवत गेली.

“तू तरी सांगूचा होतंस.”

“आणि तू काय केलं असतंस? ऱ्हवलं असतंस. मगे वैनीन वरसून खाली येवन माका थापटायल्यान असता.” आत्या डोळे पुसत हसली. “ऱ्हवतलंस तर ऱ्हव, जातलंस तर जा. मी असंय. पण रडत निम्म्यार उबी ऱ्हवू नको. त्येचो माका कंटाळो असा.”

मितालीनं दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर निसार काझी गेली सहा वर्षं खलाशांना मात्रा देत होते, आणि सरळ बोलण्याबद्दल त्यांची ख्याती होती.

“पुढे ढकलता येईल का, डॉक्टर? पुढच्या जहाजाला?”

“नाही,” ते म्हणाले. “औषध विषाणूच्या पाठीवरून जातं, आठवतंय ना? तुझ्या शरीरानं आता त्याला ओळखलंय. पुन्हा सुरुवात करायला गेलो, तर तुझं रक्त त्याला दारातच मारेल. हे आयुष्यात एकदाच होतं.”

“आज किती वाजेपर्यंत?”

“तुझी चारची वेळ आहे. सहापर्यंत मी थांबू शकतो. दुसऱ्या मात्रेनंतरची मुदत तिथे संपते. सहानंतर आलीस तर मी सुई टोचणार नाही, कुणी कितीही सांगितलं तरी. अर्धवट आवळलेलं सिमेंट म्हणजे ना जमीन ना समुद्र. तशी दोन माणसं मी पाहिली आहेत. घरी काही झालंय का?”

“ठरवून येते,” मिताली म्हणाली.

तिनं घड्याळ पाहिलं. सव्वातीन. पडवीत गेली तर खाट रिकामी होती.

•

घराच्या मागून खाली खाडीपर्यंत चिऱ्यांच्या पायऱ्या होत्या. लहानपणी ती त्या पळत उतरायची. आज तिसऱ्या पायरीला सगळी उतरण झोपाळ्यासारखी वर आली, आणि ती खाली बसली. मग बसल्या बसल्याच, एकेक पायरी घसरत, हाताच्या तळव्यांची सालं काढत उतरली. वरून आत्या ओरडत होती, “दिसता काय गो? दिसता काय?”

खाली बाबांची वल्ह्याची होडी जागेवर नव्हती.

दिसली ती खाडीच्या मध्यावर. ओहोटी जोरात होती. सगळी खाडी तोंडाकडे पळत होती, आणि तिथे वाळूच्या दांड्यावर लाटा पांढऱ्या फुटत होत्या. दांड्यावर सापडलेली लहान होडी उलटते, हे त्या वाडीतल्या कुठल्याही पोराला ठाऊक असतं.

शेजारच्या जुवाव फर्नांडिसची बॅटरीवरची होडी बांधलेली होती. मिताली पोटावर सरपटत तिच्यात चढली, आणि त्या क्षणी सगळं थांबलं. झोपाळा थांबला, डोंगर जागेवर आले, हात स्थिर झाले. एकोणीस दिवसांत काय घडलंय, ते तिला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं. जमिनीवर ती म्हातारी होती. पाण्यावर तिला कुणी हात लावू शकत नव्हतं.

तिनं दोरी सोडली.

जवळ गेली तसं तिला दिसलं, की बाबा वाहत जात नव्हते. होडीचं नाक प्रवाहाच्या वरच्या बाजूला तिरपं धरून, न घाई करता, ते पलतडीकडे अगदी सरळ सरकत होते. नावं, वाटा, माणसं मेंदूच्या एका कोपऱ्यात राहतात, हातांची विद्या दुसऱ्या. पहिला कोपरा ओस पडला तरी दुसरा कितीतरी दिवस नांदता असतो. बाबांचे हात अजून तांडेल होते.

“बाबा!”

त्यांनी वळून पाहिलं आणि ओळखीचं हसले. “इलंस? ये. आवशीक हाडूक चल्लंय. म्हायेराक जावन आठ दिस झाले तिका.”

मितालीनं होडी बाजूला लावली, दोरी अडकवली आणि त्यांच्या होडीत उतरली. त्यांच्यासमोर फळीवर बसली. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. पलतडीवर आईच्या माहेरची माडांची रांग दिसत होती. त्या घराला चार वर्षं कुलूप होतं.

हो म्हणावं, बरोबर जावं, कुलूप बघून परत यावं, असं तिला वाटून गेलं. आईनं तेच केलं असतं, दोन वर्षं केलं होतं.

“बाबा, आई नाय. श्रावणात गेली. तुमीच अग्नी दिलात.”

वल्ही दोनदा पाण्यात गेली आणि वर आली. तिसऱ्यांदा वर आली ती तशीच राहिली. पाणी टोकांवरून ठिबकत होतं. बाबांचा चेहरा कुणीतरी आतून हात घालून पिळल्यासारखा झाला. मितालीनं नजर वळवली नाही. आपण हे केलंय, तर आपणच बघायचं.

होडी दांड्याकडे सरकू लागली. लाटांचा आवाज मोठा झाला. मितालीनं वल्ह्यांकडे हात नेला, पण त्याआधीच बाबांच्या डाव्या हातानं एक ओढ घेतली, नाक पुन्हा वर आलं.

“माका म्हायत होता,” ते म्हणाले. “मधे मधे सुटता हातातसून.”

“होय.”

“सकाळी गाऱ्हाण्यात मी काय तरी बोललंय. सुलीच्या तोंडार दिसला.”

तिनं सांगितलं, शब्द न चुकवता.

“आणि लोक?”

“व्हय म्हाराजा म्हणाले.”

बाबा नाकातून हसले. “लोकांचा काय! मी म्हटलंय असता दर्यो आटव, तरी व्हयच म्हणतले.” मग त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं, वाऱ्याकडे पाहावं तसं. “तुका आज सुई टोचूची होती. वाजले किती?”

“साडेचार. मी जायत नाय, बाबा.”

“कित्याक?”

“तुमका बगूक कोण असा?”

“बगान काय करतलंस?” ते एकदम कडाडले, ट्रॉलरवर ओरडत तसे. “अजून सा म्हयने तू मितू. मगे तू कोण? दवाखान्यातली कोणतरी नर्स. चांगली असा, जेवक घालता, म्हणान मी तुका आशीर्वाद दितलंय. एका नर्सीसाठी तू ता जहाज सोडतलंस?”

“सा म्हयने तरी मितू असंय ना!”

ती हे ओरडूनच बोलली. दोघांच्या मध्ये होडीच्या तळाशी थोडं पाणी होतं, ते पुढे-मागे होत राहिलं.

“आणि मी विसरलंय तरी सुली असाच,” ते जरा खालच्या पट्टीत म्हणाले. “ती माका सुखान विसराक दिवची नाय. गाळी घालून आठवण करतली.”

“मी गेलंय तर परत जमिनीर येवची नाय. घरात येवची नाय. तुमी आजारी पडलात, काय झाला, तरी नाय.”

“होडीर तर येतलंस?”

“होडीर येयन.”

“मगे माका होडी येता.” त्यांनी वल्ही पुन्हा पाण्यात घातली आणि होडी वळवली, जेटीच्या दिशेनं. “आता मी सांगतंय ता ऐक. आता समजता म्हणान सांगतंय, फाल्यां सकाळी मीच नाय म्हणान. तुझ्या आवशीचा माका परत परत सांगू नको. आज सांगलंस ता बरोबर केलंस. पण दर खेपेक ती नव्यान मरता. एक माणूस कितीदा जाळूचा?”

मितालीनं मान हलवली.

“पण तुझा सांगा. सुलीक सांग, रोज सकाळी माका उठवन सांगूचा, तुझा चेडू दर्यार गेला. तांडेलाचा चेडू, साट मीटरच्या शिडार. मी इचारतलंय, खरा? ती म्हणतली, खरा. माणसाक अशी बातमी जल्मात एकदा ऐकाक गावता. माका रोज गावतली. मी रोज नव्यान खूश होयन.” त्यांचा श्वास लागला होता, पण हात थांबले नव्हते. “तू ऱ्हवलंस तर सुली माका काय सांगतली? चेडू गेला नाय, तुझ्यासाटी बसला? ता पण रोज नव्यान ऐकू?”

मितालीकडे उत्तर होतं, पण ते तिच्यासाठी होतं, त्यांच्यासाठी नव्हतं. सहा महिने आपलं नाव त्यांच्या तोंडून ऐकायचं, एवढंच ते होतं. ते तिला हवं होतं, फार हवं होतं.

पाच वाजले. जेटी अजून दूर.

“बॅटरीच्या होडीन ओढूया,” ती म्हणाली.

“सोड ती. हय ओहोटीच्या पोटात ती लटकतली. कडेक चल, थंय मुळांत तेचो पंखो अडाकता, वल्हीच बरी.” बाबांनी होडी कांदळवनाच्या अगदी अंगाला घातली. तिथे, मुळांच्या आडोशाला, पाण्याची एक अरुंद पट्टी उलटी वाहत होती, वरच्या बाजूला. बाहेर सगळी खाडी समुद्राकडे पळत असताना ही होडीभर रुंद पट्टी त्यांना गुपचूप आत नेत होती. मितालीनं दुसरी होडी शेपटासारखी मागे बांधली आणि बाबांच्या शेजारी बसून एक वल्हं घेतलं. दोघं वल्हवत राहिली. पाच वीस. पाच पस्तीस. एका वळणावर बाबांनी तिला विचारलं, “खंय चल्लंव?” आणि ती म्हणाली, “जेटीर, बाबा. दवाखान्यात.” ते म्हणाले, “मगे ओढ जोरान,” आणि स्वतः दुप्पट जोरानं ओढू लागले.

•

जेटीच्या पायऱ्यांवर पाय ठेवताच जग पुन्हा झोपाळ्यावर चढलं. बाबांनी तिचं कोपर धरलं. दवाखान्याच्या दारापर्यंतची साठ पावलं ती डोळे मिटून चालली.

डॉक्टर काझींनी घड्याळाकडे पाहिलं. पाच बावन्न. “इतका उशीर का, ते विचारत नाही. पण एक विचारावंच लागतं, नियम आहे. तुझ्या शब्दांत सांग, म्हणजे नोंद होते. तुला काय समजलंय?”

काचेपलीकडे बाबा बाकावर बसले होते. त्यांनी परिचारिकेला काहीतरी विचारलं आणि ती खिडकीतून दिसणाऱ्या चार शिडांकडे बोट दाखवत होती.

“यानंतर जमीन माझी राहणार नाही,” मिताली म्हणाली. “माझे वडील जमिनीवर आहेत. त्यांना आठवेनासं होतंय. पूर्ण विसरतील तेव्हा मी इथे नसेन. आणि हे मला कुणी फसवून करायला लावलेलं नाही.”

डॉक्टरांनी ते शब्दशः लिहून घेतलं. सुई मानेच्या मागे, केसांच्या रेषेखाली टोचतात. ती फारशी दुखत नाही. मितालीनं खुर्चीची कड घट्ट धरली होती. नंतर ती सोडायची राहून गेली.

शुक्रवारी अकरा चाळीसला ‘पश्चिमा’ निघाली. जेटीवरची गर्दी लहान होत गेली. पांढरा सदरा शेवटपर्यंत वेगळा दिसत होता. तो दोन्ही हात वर करून हलवत होता, पण किनाऱ्यावरची माणसं कुठल्याही जाणाऱ्या जहाजाला तसेच हात करतात.

•

बाराव्या दिवशी जहाज विषुववृत्ताच्या जवळ पोचलं होतं. उजव्या कुशीवर अकरा अंश कललेलं होतं, कपातला चहा एका बाजूला चढून बसला होता. मितालीला तो सपाट दिसत होता. वर, साठ मीटर उंचीवर, तिच्या ताब्यातलं तिसरं शीड वाऱ्यानं भरलेलं होतं आणि त्याचा एक जाड, एकसुरी आवाज येत होता. कारखान्यात आठ वर्षं काढून तिनं तो कधी ऐकला नव्हता.

रोज दहा मिनिटं घरी बोलता येई. आत्या पडद्यावर आधी स्वतःचं नाक दाखवी, मग यंत्र बाबांच्या हातात देई आणि मागून ओरडे, “दादा, तुझा चेडू! दर्यार गेला! शिडाच्या जहाजार!” बाबा पडद्याकडे बघत. डोळे मोठे होत. “आमचा चेडू? खरा?” मग विचारत, वारो खंयचो? शीड किती उंच? देवळाच्या कळसापेक्षा? कितीन? ती सांगे. साट मीटर, बाबा. कळस तेच्यात तीनदा बसात. ते हातानं मांडी थोपटत आणि आत्याला सांगत, “आयकलंस? तीनदा!”

पहिल्या दिवशी हे ऐकून मिताली फोन ठेवल्यावर बराच वेळ कोठीत जाऊन बसली होती. पाचव्या दिवशी ती त्या डोळ्यांची वाट बघू लागली. दहाव्या दिवशी त्यांनी तिला “बाय” म्हटलं, मितू नाही, आणि अहो-जाहो केलं. पण शिडाचं तेवढंच विचारलं.

आज त्यांनी वारा विचारला, उंची विचारली, कळस तीनदा बसवून झाला. दहापैकी नऊ मिनिटं गेली. मग ते पडद्याच्या जवळ आले, आत्या ऐकत नाही ना असं मागे पाहिलं, आणि आवाज खाली आणून म्हणाले,

“आणि आवस काय म्हणता तुझी? तुका इतक्या लांब धाडूक ती तयार झाली?”

मागे आत्याचे भांडी घासणारे हात थांबलेले दिसले.

मितालीनं कप खाली ठेवला. तिला खोटं बोलायचं नव्हतं. बारा दिवसांत ती एकदाही खोटं बोलली नव्हती.

“तिनाच माका धाडल्यान, बाबा.”

दिगू तांडेल तिच्याकडे बघत राहिले. मग मान हलवत, मनापासून वैतागून, ते हसले.

“धाडतलीच ती! आणि माका एका शब्दान इचारूक पण नाय!”